वळणावरचा फुगा: मेंदूचा सीटी आणि अँजिओ वाचताना

केसपेपरवर बहुतेक वेळा एवढंच असतं: ‘डोकेदुखी, सीटी ब्रेन प्लेन’, म्हणजे शिरेत डाय न देता काढलेला मेंदूचा सीटी. दुखणं हळूहळू वाढलं की एकदम घण घातल्यासारखं आलं, मध्ये शुद्ध हरपली होती का, एका डोळ्याची पापणी पडली आहे का, यातलं एक अक्षर नाही. म्हणून स्कॅन उघडण्याआधी बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकाला एकच प्रश्न विचारून यावा: दुखणं सुरू झालं ते किती वाजता?

या प्रश्नावर पुढचं सगळं अवलंबून असतं. मेंदूतल्या धमनीचा फुगा, म्हणजे ॲन्युरिझम, फुटला की रक्त मेंदूभोवतीच्या पाण्यात पसरतं. दुखणं सुरू झाल्यापासून ६ तासांच्या आत चांगल्या मशीनवर काढलेला आणि जाणत्या माणसाने वाचलेला प्लेन सीटी हे रक्त जवळजवळ कधीच चुकवत नाही. त्यानंतर पाणी रक्ताला विरघळवत, धुऊन नेत जातं. पहिला दिवस उलटला की शंभरातले काही सुटायला लागतात आणि आठवड्याने निम्म्याच्या आसपास सुटतात. परळ, शीव, मुंबई सेंट्रलच्या मोठ्या रुग्णालयांत येणाऱ्या बऱ्याच पेशंटांचा प्रवास कसा असतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. आधी गावातल्या डॉक्टरचं ‘पित्ताचं’ इंजेक्शन, दुसऱ्या दिवशी तालुक्याचं ठिकाण, मग रत्नागिरी किंवा सावंतवाडीहून रात्रभर ॲम्ब्युलन्स. अशा पेशंटच्या तिसऱ्या दिवशीच्या सीटीवर ‘नॉर्मल’ लिहिणं आणि तीन तासांपूर्वी ऑफिसात डोकं धरून बसलेल्या माणसाच्या सीटीवर ‘नॉर्मल’ लिहिणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उशिरा आलेल्याचा सीटी स्वच्छ दिसला तरी गोष्ट संपत नाही. पाठीतून पाणी काढून ते सेंट्रिफ्यूज केल्यावर वरचा थर पिवळा येतो का ते पाहावं लागतं, आणि हा पिवळेपणा भरवशाचा व्हायला दुखण्यापासून साधारण १२ तास जावे लागतात.

आणखी एक आकडा केसपेपरवरून उचलून घ्यावा, तो हिमोग्लोबिनचा. ताजं रक्त सीटीवर पांढरं दिसतं ते त्यातल्या हिमोग्लोबिनमुळे. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचा टक्का, ३०च्या खाली असेल, म्हणजे हिमोग्लोबिन १०च्या आसपास किंवा त्याहून कमी, तर तेच रक्त मेंदूइतकंच करडं दिसू शकतं. आपल्याकडे किती बायका ८–९ हिमोग्लोबिनवर घर चालवतात ते पाहता ही बाब पुस्तकातल्या तळटीपेत ठेवण्यासारखी नाही.

काळं कुठे हरवलंय

नवीन रेसिडेंट प्लेन सीटीवर पांढरं शोधतो. भरपूर रक्त असेल तेव्हा ते चालतंही: मेंदूच्या तळाशी मधोमध, पाण्याच्या फटींच्या जागी, पाच टोकांची पांढरी चांदणी दिसते आणि ती बाहेरच्या शिपायालाही दाखवता येते. सुटतं ते थोडं रक्त. थोडं रक्त पाण्यात मिसळलं की त्या पाण्याचा रंग मेंदूइतकाच होतो आणि फट दिसेनाशी होते. पांढरं काहीच दिसत नाही, फक्त जिथे काळं हवं तिथे काळं नसतं. नजर दिसणाऱ्या गोष्टीवर थांबते, नसलेल्या गोष्टीवरून सहज घसरते.

म्हणून प्रत्येक ठिकाणी पाणी काळं आहे का ते मोजून पाहायचं. स्वच्छ पाण्याची घनता शून्य ते १५ हाउन्सफील्ड (सीटीवरची घनता मोजायचं एकक), मेंदूच्या करड्या भागाची ३५ ते ४०च्या आसपास, ताज्या गुठळीची ६० ते ८०. विंडो म्हणजे पडद्यावर किती घनतेपासून किती घनतेपर्यंत करड्या छटांत दाखवायचं ती पट्टी. नेहमीची ब्रेन विंडो ८०–४०ची असते, म्हणजे ८० रुंद आणि मध्य ४०वर. तीत कवटीला चिकटलेलं पातळ रक्त हाडाच्या पांढऱ्यात बुडून जातं. विंडो १३० ते १५०पर्यंत रुंद आणि मध्य ५०–६०वर नेला की ते वेगळं होतं. आणि ५ मिमीच्या जाड स्लाइसवर समाधान मानू नका. मशीनमध्ये १ मिमीचा डेटा पडलेला असतो, तो मागवून घ्यायचा.

बघायचा क्रम ठरलेला असावा, आणि तो खालून वर जावा. आधी कवटीच्या तळाचं छिद्र आणि ब्रेनस्टेमच्या, म्हणजे मेंदूच्या देठाच्या, पुढची फट. मग देठाच्या वरच्या दोन पेडंकलांच्या, म्हणजे खांबांच्या, मधला छोटा त्रिकोण. थोडं रक्त असेल तर बहुधा इथेच साचतं. मग वरची चांदणी. मग दोन्ही बाजूंच्या सिल्व्हियन, म्हणजे कानशिलाकडच्या, फटी एकमेकींशी ताडून: एक काळी आणि दुसरी पुसट असेल तर पुसट बाजू संशयाची, दोन्ही पुसट असतील तर आणखी संशयाची. मग पुढे दोन अर्धगोलांच्या मधली फट. शेवटी व्हेंट्रिकलची, म्हणजे मेंदूच्या आतल्या पाण्याच्या पोकळीची, मागची शिंगं. पेशंट उताणा झोपलेला असतो, त्यामुळे पाण्यात उतरलेलं थोडंसं रक्तही तिथे तळाशी बसतं आणि आडवी रेघ काढल्यासारखी पातळी दिसते. याच फेरीत त्याच पोकळीच्या टेम्पोरल, म्हणजे कानशिलाकडच्या, शिंगांची रुंदीही पाहावी. तरुण माणसात ती शिंगं जेमतेम दिसतात. २–३ मिमीपेक्षा रुंद, गोलसर झाली असतील तर पाणी तुंबायला सुरुवात झालेली असते. रक्त नीट दिसत नसतानाही ही खूण कधीकधी आधी बोलते.

रक्तासारखं दिसणारं पण रक्त नसलेलंही बरंच असतं. हृदय थांबून परत सुरू केलेल्या पेशंटमध्ये मेंदू सुजून काळा पडतो आणि फटी त्या मानाने पांढऱ्या वाटतात. तिथे कर्सर ठेवून मोजलं तर आकडा ३०–४०च्या घरात येतो, ६०च्या नाही. आदल्या दिवशी हृदयाची अँजिओग्राफी झाली असेल तर डायही मेंदूभोवती थोडी रेंगाळू शकते. आणि मुंबईत वाचणाऱ्याने टीबी मेनिंजायटिस कधीही विसरू नये. त्यात मेंदूच्या तळाशी साचणारा चिकट स्राव प्लेन सीटीवर नेमकी तीच चांदणी पुसट करतो. फरक पुन्हा इतिहासात असतो: दोन–तीन आठवड्यांचा ताप, वजन उतरलेलं, हळूहळू वाढलेलं दुखणं.

रक्त कुठे जास्त आहे यावरून फुगा कुठे असेल याचा अंदाज बांधता येतो. पुढच्या मधल्या फटीत आणि सेप्टमजवळ (दोन व्हेंट्रिकलांमधल्या पडद्याजवळ) गुठळी असेल तर एकॉम, म्हणजे दोन्ही बाजूंच्या पुढच्या धमन्या जोडणारी छोटी धमनी. एका सिल्व्हियन फटीत गर्दी असेल तर त्या बाजूची एमसीए, म्हणजे मेंदूची मधली धमनी. चौथ्या व्हेंट्रिकलमध्ये रक्त आणि वर फारसं काही नसेल तर पिकाच्या, म्हणजे लहान मेंदूच्या मागच्या-खालच्या धमनीच्या, उगमाकडे वळा. रक्त फक्त मिडब्रेन आणि पॉन्सच्या (ब्रेनस्टेमच्या वरच्या दोन भागांच्या) पुढे गोळा झालेलं असेल तर ते बऱ्याचदा शिरेतलं असतं आणि पेशंट बरा होऊन घरी जातो. मात्र बॅसिलरच्या, म्हणजे ब्रेनस्टेमपुढून वर जाणाऱ्या धमनीच्या, टोकावरचा फुगाही हेच चित्र देतो, त्यामुळे अँजिओ (डाय देऊन काढलेलं धमन्यांचं चित्र) टळत नाही. उलट रक्त फक्त वर, कवटीजवळच्या एक–दोन खाचांत असेल तर फुग्याची शक्यता कमी. तिथे मार, साठीपुढच्या माणसात धमन्यांत साचणारं अमायलॉइड प्रथिन आणि तरुणात धमन्यांचा तात्पुरता आवळ यांचा विचार आधी करायचा.

माराच्या बाबतीत एक गोष्ट कायम लक्षात ठेवा. बाइकवरून पडून आलेला माणूस घसरून पडला, की डोक्यात फुगा फुटला म्हणून पडला? अपघाताचा सीटी असला तरी रक्त खाचांत कमी आणि तळाच्या चांदणीत जास्त असेल तर अँजिओ करून घ्यायचा. सोबत आलेल्याने ‘पडायच्या आधीच तो डोकं धरून ओरडला’ असं सांगितलं असेल तर मग वादच नाही.

टेबलावरची कामं

सीटी अँजिओ वाचताना जे दिसत नाही, त्यातलं निम्मं टेबलावरच हरवलेलं असतं. प्लेन सीटीत रक्त दिसलं की पेशंटला टेबलावरून उतरवू नये, तिथेच अँजिओ उरकावा. वॉर्डातून आलेल्या पेशंटच्या मनगटावर बहुतेक वेळा निळं कॅन्युला असतं, म्हणजे २२ नंबर. त्यातून सेकंदाला ४–५ मिली डाय ढकलता येत नाही. जोर लावला तर शीर फुटते आणि डाय हाताच्या मांसात जाते. हिरवं १८ किंवा निदान गुलाबी २० नंबर, कोपराच्या खळगीत, आणि शक्यतो उजव्या हाताला. डाव्या हाताची शीर छातीत आडवी जाऊन महाधमनीच्या कमानीवरून ओलांडते. तिथे दाट डाय साचली की तिचे पट्टे मानेच्या धमन्यांच्या उगमावर पडतात.

३५० किंवा ३७० ताकदीची डाय साधारण ६० ते ७० मिली, पाठोपाठ त्याच वेगाने ४० मिली सलाइन. सलाइन नसेल तर शेवटची डाय हातातच पडून राहते आणि तेवढी वाया जाते. महाधमनीच्या कमानीवर ट्रॅकर (डाय पोहोचली की स्कॅन सोडणारी खूण) ठेवून १००–१२० हाउन्सफील्डला स्कॅन सुटावा. उशिरा सुटला तर शिरा भरतात, आणि कॅव्हर्नस सायनस (कवटीच्या तळाची शिरांची पोकळी) भरला की त्यातून जाणारी आयसीए, म्हणजे मानेतून मेंदूत जाणारी आतली कॅरॉटिड धमनी, त्याच रंगात बुडते. हृदय अशक्त असेल तर डाय उशिरा पोहोचते. ठोक वेळ लावून स्कॅन काढणारे तिथे फसतात, ट्रॅकरवाले फसत नाहीत.

स्कॅनची खालची हद्द हा नेहमीचा घोळ. ‘ब्रेन अँजिओ’ म्हटलं म्हणून टेक्निशियन कवटीच्या तळापासून सुरू करतो आणि पिकाचा उगम बाहेर राहतो. पिका कधीकधी कवटीच्या छिद्राच्या खालूनही निघते. कमानीपासून टाळूपर्यंत घेतलं की हा प्रश्न मिटतो, शिवाय कॅथेटर वर न्यायचा रस्ताही आयता मिळतो. स्लाइस ०.५ ते ०.६ मिमी. हनुवटी सरळ, आणि ‘आता गिळू नका’ हे पेशंटला कळेल अशा भाषेत सांगितलेलं. केसातल्या पिना, कानातलं, नथ, मंगळसूत्र, निघणारी कवळी आधी काढून नातेवाइकाच्या हातात. अंबाड्यातली एक पिन मागच्या भागातले चार–पाच सेंटिमीटर निकामी करते.

रक्तस्राव समोर दिसत असताना क्रिएटिनिनच्या रिपोर्टसाठी अँजिओ अडवून धरण्यात अर्थ नाही. आधीपासूनचा किडनीचा आजार किंवा डायची ॲलर्जी माहीत असेल तर वरिष्ठांशी बोलून लगेच ठरवायचं, दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही. फुटलेला फुगा पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या २४ तासांतच सगळ्यात जास्त असतो.

प्रत्येक स्टेशनला थांबणारी लोकल

सायकलच्या जुन्या ट्यूबला विरलेल्या जागी फुगा येतो, तसंच इथे. मेंदूच्या धमन्यांना बाहेरचं लवचिक आवरण नसतं, आणि जिथे धमनीला फाटा फुटतो तिथे मधला स्नायूचा थरही विरळ असतो. रक्ताचा झोत नेमका त्याच कोपऱ्यावर आदळत राहतो. त्यामुळे फुगे बहुतेक ठरावीक फाट्यांवर, ठरावीक वळणांवर येतात. ढोबळ हिशेब असा: एक तृतीयांशाच्या आसपास एकॉमवर, जवळजवळ तेवढेच आयसीएवर आणि त्यातले बरेच पीकॉमच्या (आयसीए आणि मागची धमनी जोडणाऱ्या फांदीच्या) उगमाशी, पाचातला एक एमसीएच्या फाट्यावर, दहातला एक मागच्या बाजूला. इथे फास्ट लोकल चालत नाही.

विंडो ७००–२००च्या आसपास ठेवा. त्याहून अरुंद ठेवली तर डाय, कॅल्शियम आणि हाड तिन्ही सारखंच पांढरं होतं. पहिली फेरी पातळ ॲक्सियल (आडव्या) स्लाइसवर, दुसरी ५ ते १० मिमी जाडीच्या एमआयपीवर (थरातलं सगळ्यात उजळ तेवढंच दाखवणाऱ्या चित्रावर) तिन्ही दिशांनी सरकत, आणि रंगीत थ्रीडी सगळ्यात शेवटी. थ्रीडी दिसायला देखणं असतं, सर्जनला आवडतं, नातेवाइकांना समजावताना उपयोगी पडतं. पण ते संगणकाने एक उंबरठा लावून कापलेलं चित्र आहे. उंबरठा वर गेला तर २ मिमीचा फुगा नाहीसा होतो, खाली आला तर शेजारून जाणाऱ्या दोन धमन्या चिकटून खोटी मान तयार होते. हाड आपोआप काढणारं सॉफ्टवेअर तर क्लिनॉइडच्या हाडाबरोबर त्याला टेकलेला फुगाही उचलून कचऱ्यात टाकतं. तिथे मूळ स्लाइसला पर्याय नाही.

खालून सुरुवात: उजवी व्हर्टिब्रल (मानेच्या मणक्यांतून वर येणारी धमनी), तिची पिका, डावी व्हर्टिब्रल, तिची पिका, दोघींचा संगम. संगमाशी कधी धमनी थोडं अंतर दुभंगून परत एक होते. हा जन्मजात प्रकार आहे, पण फाट्याच्या कोपऱ्यात फुगाही असू शकतो. बॅसिलर सरळ टोकापर्यंत. मग उजवी आयसीए: कॅव्हर्नस भाग, ऑप्थॅल्मिकचा (डोळ्याच्या धमनीचा) उगम, पीकॉम, अँटीरियर कोरॉइडल, शेवटचा टी-फाटा. तिथून एमसीए आणि तिचा फाटा, मग ए१ (पुढच्या धमनीचा एकॉमपर्यंतचा भाग), एकॉम, ए२ (तिचा त्यापुढचा भाग), आणि कॉर्पस कॅलोझमच्या (दोन अर्धगोल जोडणाऱ्या पट्ट्याच्या) वळणावर पेरिकॅलोझलचा फाटा. शेवटचं हे स्टेशन सर्रास चुकतं, कारण तोपर्यंत नजर थकलेली असते आणि ॲक्सियलवर ते मधल्या फटीत दडलेलं असतं. सॅजिटल, म्हणजे बाजूने पाहिलेल्या उभ्या, एमआयपीवर ते एका नजरेत कळतं. मग डावी बाजू, पुन्हा पहिल्यापासून.

एकॉमपाशी दोन्ही ए१ची जाडी बघून घ्या. एक बारीक, दुसरी जाड असेल तर सगळा झोत जाड बाजूने येऊन एकॉमच्या कोपऱ्यावर आदळतो. अशा जुळणीत तिथे फुगा हमखास शोधायचा. सरळ समोरून दोन्ही ए२ एकमेकांवर पडतात, म्हणून चित्र तिरकं करून पाहावं.

एमसीएची वळणं वेगळा त्रास देतात. वाकून आपल्याकडे तोंड करून आलेली फांदी टोकावरून पाहिली की गोल गोळ्यासारखी दिसते. ९० अंश फिरवा: फांदी असेल तर लांबट होते, फुगा असेल तर गोलच राहतो.

आता पीकॉम, जिथे सगळ्यात जास्त वाद होतात. आयसीएतून पीकॉम निघते तिथे बऱ्याच निरोगी माणसांत उगम थोडा रुंद असतो, नरसाळ्यासारखा. हा फुगा नव्हे. ओळखायची खूण अशी: नरसाळं बुडाशी ३ मिमीपर्यंत, आकार शंकूचा, आणि धमनी नेमकी त्याच्या टोकातून निघते. फुगा असेल तर आकार गोल किंवा एका बाजूला झुकलेला असतो आणि धमनी मानेजवळून, कडेने निघते. पंचाईत तेव्हा होते जेव्हा उंचवटा अडीच मिमीचा असतो आणि टोकातून निघणारी धमनी सीटीवर दिसतच नाही, कारण ती अर्ध्या मिमीची असते. तिथे थ्रीडी फिरवत बसण्यात वेळ जातो. ०.६ मिमीच्या स्लाइसवर उंचवट्याच्या टोकापासून मागे पीसीएपर्यंत (मेंदूच्या मागच्या धमनीपर्यंत) एक बारीक रेघ सापडते का ते पाहा; उलट पीसीएकडून पुढे येत शोधली तर ती जास्त लवकर हाती लागते. नाहीच सापडली तर ‘नरसाळं की छोटा फुगा सांगता येत नाही’ असं सरळ लिहावं. पेशंटला रक्तस्राव झालेला असेल तर डीएसए (धमनीत कॅथेटर घालून केलेली अँजिओग्राफी), नसेल तर काही महिन्यांनी पुन्हा तपासणी. आणि त्याच बाजूची पापणी पडलेली, बाहुली मोठी झालेली आणि डोळ्यामागे दुखत असेल, तर २ मिमीच्या उंचवट्यालाही नरसाळं म्हणून सोडू नका. पीकॉमचा फुगा पापणी आणि बाहुली सांभाळणाऱ्या तिसऱ्या नर्व्हला खेटून असतो.

कॅव्हर्नस भागातला फुगा आणि त्याच्या जरासाच वरचा फुगा यांत जमीनअस्मानाचा फरक. खालचा ड्युराच्या (मेंदूच्या सगळ्यात बाहेरच्या आवरणाच्या) बाहेर असतो, फुटला तरी बहुधा शिरेशी नातं जोडून फिस्टुला करतो. वरचा फुटला तर थेट मेंदूभोवती रक्त. दोघांमधली सीमा सीटीवर दिसत नाही. ऑप्टिक स्ट्रट नावाचा हाडाचा छोटा खांब हीच जवळची खूण. रिपोर्टात तो शब्द आला की सर्जनला कळतं की वाचणाऱ्याने तिथे थांबून पाहिलं आहे.

एक सापडला की हात आखडू नये. दर चार–पाच पेशंटांतल्या एकाला एकाहून जास्त फुगे असतात. दोन सापडले तर फुटलेला कोणता? आधी रक्त कुठे आहे ते बघा, मग कोणाचा आकार ओबडधोबड आहे, कोणावर छोटं पिल्लू फुटलंय ते. नुसता मोठा म्हणून तो गुन्हेगार ठरत नाही.

मोजमाप आणि शब्द

मोजमाप रंगीत चित्रावर घेऊ नये. उंबरठा बदलला की आकडा बदलतो. पातळ स्लाइस फुग्याच्या अक्षात वळवून उंची, रुंदी, मानेची रुंदी आणि मूळ धमनीची जाडी घ्यायची. मान ४ मिमी किंवा जास्त असेल, किंवा रुंदी मानेच्या दुपटीहून कमी भरत असेल, तर मान रुंद समजतात. फुग्याच्या आत भरलेली कॉइल (तारेचं वेटोळं) निसटून धमनीत येऊ नये म्हणून तिथे बलून किंवा स्टेंटचा आधार लागतो. मानेवर कॅल्शियम आहे का तेही लिहा. असेल तर मानेला लावायची क्लिप, म्हणजे चिमटा, नीट बसत नाही. फुग्याच्या अंगातूनच एखादी फांदी निघत असेल तर ते पहिल्या ओळीत. आणि प्लेन सीटी शेजारी ठेवून बघा: डाय भरलेला भाग ८ मिमीचा असेल पण बाहेरचा गोळा १५ मिमीचा, तर उरलेली जागा गुठळीने भरलेली आहे, आणि खरा आकार १५.

रक्तस्राव न होता सहज सापडलेल्या फुग्याचा रिपोर्ट लिहिताना शब्द जपून वापरावेत. शंभर प्रौढांत तिघांच्या आसपास कुणाच्या तरी डोक्यात असा फुगा असतो आणि बहुतेक कधीच फुटत नाहीत. २००३ साली आलेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीत, आधी कधी रक्तस्राव न झालेल्या लोकांतले पुढच्या बाजूचे ७ मिमीहून छोटे फुगे पाच वर्षांत फुटल्याचं जवळपास दिसलंच नाही. २५ मिमीपुढच्यांत मात्र धोका ४० टक्के होता. पीकॉम आणि मागच्या बाजूच्या फुग्यांचे आकडे प्रत्येक मापाला याहून वर. फुटण्याचा धोका मोजायला ‘फेझेस’ नावाची गुणपद्धती सगळीकडे वापरतात, पण तिच्या लोकसंख्येच्या रकान्यात फिन्निश आहेत, जपानी आहेत, भारतीय नाहीत. युरोप-अमेरिकेच्या ओळीत आपल्याला बसवून हिशेब केला जातो, हे ती वापरणाऱ्याच्या ध्यानात असावं. छोटे फुगे फुटतच नाहीत असंही मानू नये. फुटून येणाऱ्यांत ५–६ मिमीचे भरपूर असतात, कारण मुळात छोटेच संख्येने जास्त आहेत. रक्तदाब आणि विडी-सिगारेट ही दोन कारणं पेशंटच्या हातातली, ती डॉक्टरांनी समोर बसवून सांगावीत.

एमआर अँजिओ

डाय नको, किरण नकोत, म्हणून घरच्यांची तपासणी आणि कॉइल भरल्यानंतरचा पाठपुरावा यासाठी टीओएफ, म्हणजे डाय न देता वाहतं रक्त दाखवणारा एमआर अँजिओ, उत्तम. सख्ख्या नात्यात दोघांना किंवा जास्त जणांना फुगा असेल, किंवा किडनीत गाठी होण्याचा आनुवंशिक आजार असेल, तर तपासून घेण्यात अर्थ आहे. ३ टेस्ला मशीन मिळालं तर चांगलंच.

टीओएफवर नव्याने स्लाइसमध्ये शिरणारं रक्त उजळ दिसतं, आणि तिच्या सगळ्या खोड्या इथूनच येतात. मोठ्या फुग्यात रक्त घुटमळतं आणि उजळपणा हरवतो, मग फुगा आहे त्याहून छोटा दिसतो. उलट एक–दोन आठवड्यांची गुठळी स्वतःच टी१वर (एमआरआयच्या एका साध्या चित्रप्रकारावर) उजळ असते आणि वाहतं रक्त असल्याची बतावणी करते. साधा टी१ शेजारी उघडला की सोंग उतरतं. स्लॅबच्या (वेगवेगळ्या घेतलेल्या जाड थरांच्या) जोडावर आडवी पायरी दिसते, तिला आकुंचन म्हणू नये. मोठा फुगा टी२ या दुसऱ्या चित्रप्रकारावर काळं भोक म्हणून आधी दिसतो, म्हणून अँजिओ न मागितलेल्या एमआरआयमध्येही तळाच्या धमन्यांवरून नजर फिरवायची सवय लावावी. फ्लेअर नावाच्या एमआरआय चित्रावर खाचांतलं रक्त चांगलं कळतं. मात्र व्हेंटिलेटरवर जास्त ऑक्सिजन चालू असलेल्या पेशंटमध्ये पाणी फ्लेअरवर तसंही उजळतं.

क्लिप बसवलेल्या पेशंटला एमआरआयच्या खोलीत नेण्याआधी क्लिपचा प्रकार कागदावर पाहिल्याशिवाय पाऊल पुढे नको. ‘डॉक्टरांनी चालेल म्हटलंय’ हा कागद नव्हे. जुन्या काही क्लिप चुंबकाने सरकतात.

संगणकाचा एआय आता लाल चौकोन काढून देतो. नरसाळी, वळणं, कॅल्शियम यांवरही काढतो. आधी आपली फेरी पूर्ण करावी, मग चौकोन उघडावेत; उलट केलं तर चौकोन नसलेल्या जागी नजर थांबत नाही.

व्हॉट्सॲपवर येणाऱ्या फिल्मच्या फोटोबद्दल दोन शब्द. एका फिल्मवर २० चित्रं, प्रत्येक ५ मिमीचं, वर ट्यूबलाइटचा चट्टा. त्यावर रक्त आहे असं म्हणता येतं, नाही असं म्हणता येत नाही. सीडी मागवा. पावसाळ्यात लोकलच्या दारातून भिजत आलेल्या फिल्म एकमेकींना चिकटतात आणि सोडवताना वरचा थर निघतो. सीडी डब्यात घालून पिशवीत ठेवली की टिकते.

रक्त आहे पण अँजिओत फुगा नाही, असं झालं तर डीएसए. तीही सगळ्या धमन्यांची, आणि फिरती थ्रीडी घेऊन. त्यातही काही सापडलं नाही तर, मिडब्रेनपुढचा तो सौम्य नमुना सोडून, एक–दोन आठवड्यांनी पुन्हा करतात. फुगा पहिल्या वेळी गुठळीने भरलेला असू शकतो, किंवा आवळलेल्या धमनीच्या आड दडलेला. ती दुसरी तपासणी वाचताना पहिली शेजारच्या मॉनिटरवर उघडायची, तोच कोन लावायचा, आणि जिथे रक्त सगळ्यात दाट होतं त्या फाट्यापासून सुरुवात करायची.